हर्मिटेजमधलं १८१२ चं युद्धदालन: बार्कलेसमोर थांबायला वेळ ठेवा

लेक सेंट पीटर्सबर्गला मेडिकल शिकते, त्यामुळे तिथलं हर्मिटेज, म्हणजे झारच्या जुन्या राजवाड्यातलं संग्रहालय, दोनदा बघणं झालं. पहिल्यांदा एका टूर कंपनीच्या गटाबरोबर गेले. जॉर्डन जिना, सोन्याचा मोर, लिओनार्दोची दोन चित्रं आणि दोन तासांत बाहेर. युद्धदालनातून तर आम्ही अक्षरशः पळत गेलो, कारण झेंडीवाला पुढं निघून गेला होता. पैसे भरून असं बघू नका. दुसऱ्यांदा लेकीला सोबत घेतलं आणि तासांच्या हिशोबानं एक स्थानिक गाईडबाई ठरवल्या. त्या रशियनमध्ये सांगायच्या, लेक मराठीत. या दुसऱ्या भेटीला माझे पाचपैकी पाच तारे.

जिना चढून फील्डमार्शलांचं दालन, मग पीटरचं, मग सोनेरी खांबांचं शस्त्रचिन्ह दालन ओलांडलं की हे लांबट दालन लागतं. वरून काचेतून उजेड येतो आणि दोन्ही भिंतींवर पाच ओळींत १८१२ पासून नेपोलियनशी लढलेले रशियन फौजेचे सेनापतीच सेनापती. जॉर्ज डॉ या इंग्रज चित्रकारानं दोन मदतनीस घेऊन केलेली ३३२ व्यक्तिचित्रं आहेत. १३ चौकटींत चेहरा नाही, हिरवं रेशीम आणि खाली नुसतं नाव. माझी नजर सारखी तिकडंच जात होती. दालन १८२६ मध्ये उघडलं. १८३७ च्या आगीत राजवाडा जळाला, पण सैनिकांनी ही चित्रं बाहेर काढून वाचवली.

नावं वाचत जा. बेनिग्सेन जर्मनीतल्या हानोव्हरचा, लाँजेराँ चक्क फ्रेंच, बाग्रातिओन जॉर्जियन राजघराण्यातला. आणि मिखाईल बार्कले द तोली, नेपोलियन चालून आला तेव्हा रशियाच्या मुख्य फौजेचा सेनापती. पूर्वज स्कॉटलंडचे, घराणं रिगात स्थायिक, आजोबा तिथले नगराध्यक्ष, घरची भाषा जर्मन, धर्म ल्यूथरन. त्याचं चित्र पूर्णाकृती आहे: उघडं टक्कल, उंच कपाळ, मागं लष्करी तळ, आणि हा एकटा उभा. डॉनं ते १८२९ मध्ये रंगवलं, बार्कले जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. रशियन कवी पुष्किननं १८३५ साली याच चित्रावर कविता लिहिली.

इथं आम्ही पाऊण तास थांबलो. कऱ्हाडच्या शाळेत ३१ वर्षं मी इतिहास शिकवला आणि मुलांना दरवर्षी सांगितलं की नेपोलियनला रशियाच्या थंडीनं हरवलं. गाईडबाईंनी शांतपणे तारखा मांडल्या. जून १८१२ मध्ये नेपोलियनची चार लाखांवर फौज सरहद्दीवरची नेमान नदी ओलांडून आली. ७ सप्टेंबरला मॉस्कोच्या अलीकडं बोरोदिनोला मोठी लढाई झाली, तेव्हा नेपोलियनच्या हाताशी उरले सुमारे १ लाख ३० हजार. काही वाटेतल्या ठाण्यांवर आणि बगलांवर ठेवले होते, पण कितीतरी भूक, हगवण आणि उन्हानं गेले होते. थंडी अजून यायची होती. नेपोलियनला सरहद्दीवरच एक निकाली लढाई हवी होती, आणि बार्कलेनं ती दिली नाही. तो मागं सरत राहिला, फौज शाबूत ठेवत.

त्याबद्दल त्याला काय मिळालं? त्याच्या नावावरून सैनिकांनी ‘बोल्ताय दा इ तोल्को’ अशी कोटी केली, म्हणजे नुसती बडबड. मुख्य छावणी जर्मनांनी भरली आहे, असं दुसऱ्या फौजेचा सेनापती बाग्रातिओननं पत्रात लिहिलं. स्मोलेन्स्क शहर पडलं आणि बार्कलेच्या वर कुतुझोव्हला सरसेनापती नेमलं. त्यानंही मागंच सरायचं ठरवलं, पण तो रशियन होता, लोकांनी ऐकून घेतलं. बोरोदिनोला बार्कले सगळी पदकं लावून, पूर्ण गणवेशात, तोफांच्या माऱ्यात फिरत होता. हे सांगताना बाईंचा आवाज बदलला होता. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

पुढचं त्यांनी भराभर सांगितलं, आणि तेवढं पुरे होतं: १८१३ मध्ये पुन्हा सरसेनापती, १८१४ मध्ये पॅरिसमध्ये प्रवेश आणि फील्डमार्शलचा हुद्दा, १८१८ मध्ये उपचारांसाठी जाताना वाटेतच मृत्यू. त्याआधी, १८०७ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या आयलाऊच्या लढाईत उजव्या हाताला झालेली जखम मात्र त्यांनी आवर्जून सांगितली.

सोमवारी हर्मिटेज बंद असतं. सकाळी दार उघडताच आत शिरा आणि बाकी दालनं सोडून आधी इथं या, गट यायच्या आत. चौकटींखालची नावं रशियनमध्ये आहेत, लिपी येणारं कुणीतरी सोबत हवंच. गुडघे दुखत असतील तर जिन्यावर सावकाश चढा, पुढं सगळं एकाच मजल्यावर आहे.

बाहेर पडल्यावर नेव्हस्की रस्त्यानं कझान कॅथेड्रलपर्यंत चालत गेलो. तिथं १८३७ मध्ये उभारलेले दोन पुतळे आहेत, एका टोकाला कुतुझोव्ह, दुसऱ्या टोकाला बार्कले. लेकीनं फुटपाथवरच्या बाईकडून दोन कार्नेशन घेतली, आणि दोन्ही बार्कलेच्या पायाशी ठेवली.