टी५ यूव्हीबी ट्यूब आणि हॅलोजन, ११ महिन्यांनंतर: ट्यूब उत्तम, पण त्या क्लिपबद्दल बोलायचंच आहे

अंगठ्याएवढी प्लास्टिकची क्लिप तुटली आणि माझ्या कासवाचे डोळे सहा दिवस मिटलेले राहिले. ट्यूबबद्दल (कासवाला घरात उन्हातले यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण देते ती), हीटबद्दल सगळं लिहिणारच आहे, पण आधी ही क्लिप, कारण कोणत्याही रिव्ह्यूमध्ये मला तिच्याबद्दल एक ओळ सापडली नव्हती.

सेटअप थोडक्यात. कासव हर्मन्स जातीचं, म्हणजे भूमध्य समुद्राकडचं जमिनीवर राहणारं, वय ६, नाव ढब्बू. लाकडी टेबल, वरून उघडं, २४ वॅटची १२ टक्के यूव्हीबीवाली टी५ एचओ (जास्त प्रखर, बारीक) ट्यूब, रिफ्लेक्टर असलेली फिटिंग, फरशीवर बसलेल्या ढब्बूच्या पाठीपासून ३८ सेंटीमीटर वर. हीटला आधी सिरॅमिक एमिटर (उजेड न देता नुसती उष्णता देणारा) होता, आता दोन हॅलोजन फ्लड, म्हणजे रुंद झोत टाकणारे बल्ब. फिटिंगसोबत सी आकाराच्या दोन क्लिपा येतात, त्या वरच्या दांडीला स्क्रूने लावायच्या आणि फिटिंग त्यात कट्‌कन बसवायची. लावताना फार सोयीचं वाटलं होतं मला.

आठव्या महिन्यात एक दिवस संध्याकाळी घरी आले तर फिटिंगचं उजवं टोक खाली लोंबत होतं आणि डावं एका क्लिपवर कसंबसं टिकलेलं. खालचं टोक बरोबर बास्किंगच्या, म्हणजे अंग शेकायच्या फरशीवर, ३८ सेंटीमीटरवरून जेमतेम १५ वर आलेलं, आणि ढब्बू तिथेच बसलेला. टायमर सकाळी ७ ला लागतो, म्हणजे किती तास हे चाललं होतं देव जाणे. मी ट्यूब बंद केली, दोरीने बांधली, वाटलं वाचलो, निदान अंगावर तर पडली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने डोळे उघडले नाहीत. पापण्या फुगून पिवळट मण्यांसारख्या झालेल्या, कोवळा पाला नाकाशी धरला तरी तोंड नाही. कोमट पाण्यात ठेवलं तेव्हा मान पूर्ण बाहेर काढून प्यायला पण डोळे मिटलेलेच, आणि बाहेर येताना भांड्याच्या काठाला दोनदा डोकं आपटलं. ते बघून मला खरंच रडू आलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्याचा वरचा थर भाजल्यासारखा झालाय, आणि एक गोष्ट समजावली जी मी आजवर कधी विचारात घेतली नव्हती. ऊन वरून येतं आणि कासवाच्या डोळ्यावर भुवईसारखी हाडाची कड असते, ती सावली धरते. दिवा तिरका किंवा डोळ्याच्या उंचीवर आला की ती कड काहीच करू शकत नाही, किरण सरळ डोळ्यात. म्हणून ट्यूब नेहमी डोक्यावर आडवी हवी, बाजूच्या भिंतीला उभी किंवा तिरकी नको. काही दिवस यूव्ही पूर्ण बंद, हीट चालू, डोळ्यात औषध, रोज कोमट पाणी. सहाव्या दिवशी डावा डोळा उघडला, सातव्या दिवशी दुसरा.

नंतर ती तुटलेली क्लिप नीट बघितली. ट्यूबकडची बाजू जुन्या कागदासारखी पिवळी, मागची अजून पांढरीशुभ्र. यूव्ही आणि उष्णतेने प्लास्टिक ठिसूळ होतं हे शाळेतल्या मुलालाही माहीत आहे. दुसरी क्लिप मी नखाने दाबली तर तीही खारीसारखी कुरकुरत तुटली. म्हणजे यूव्ही दिवा बनवणाऱ्यांनी तो दिवा ज्यावर लटकणार ती वस्तू यूव्हीत न टिकणारी दिली! एवढी साधी गोष्ट डिझाईन करताना कोणाच्या लक्षात आली नाही? धातूची क्लिप दिली असती तर खर्च कितीसा वाढला असता? माझा राग अजून गेलेला नाही.

विक्रेत्याला फोटो पाठवले, तारखा पाठवल्या. उत्तर आलं की वॉरंटी ट्यूब आणि बॅलास्टला (ट्यूबला वीज पुरवणारा चोक) आहे, क्लिप ही ॲक्सेसरी. बरं, मग नुसत्या क्लिपा विकत द्या म्हटलं. त्या सुट्या मिळत नाहीत, पूर्ण फिटिंग घ्या. पाच मेल झाले, पाचव्याला उत्तरच नाही. चालू स्थितीतली फिटिंग फेकून दोन क्लिपांसाठी नवी घेणं मला पटणारं नव्हतं, पैशाचा प्रश्न आहेच पण चांगली वस्तू कचऱ्यात टाकायची हेच मनाला पटत नाही. शेवटी इलेक्ट्रिशियन पाइपला लावतात ते लोखंडी सॅडल आणले, फिटिंग त्यात कसली, आणि वर दोन्ही टोकांना साखळी आणि एस हूक. क्लिपांपेक्षा हे भक्कम, शिवाय साखळीची एकेक कडी सोडून उंची बदलता येते, जे क्लिपांवर जमतच नव्हतं. हॅलोजनच्या डोमलाही तेव्हाच दुसरी साखळी लावली, कारण तिथे चिमटा सुटला तर डोळ्यांवर थांबणार नाही, आग लागेल. जे काही लटकतंय त्याला दोन वेगवेगळे आधार, हे आता मी सगळ्यांना सांगते.

आता ट्यूब. दुसऱ्या महिन्यात मी हीच ट्यूब बोगस आहे असं चार जणांना सांगितलं होतं, ते शब्द मागे घेते. तेव्हा ओळखीतून दोन दिवसांसाठी सोलारमीटर ६.५ मिळाला, यूव्ही इंडेक्स (किरण किती तीव्र आहेत त्याचा आकडा) मोजणारा, आणि पाठीच्या उंचीवर आकडा आला १.७. हर्मन्सला एवढं कमी पडतं. फर्ग्युसन झोन म्हणतात ते, म्हणजे यूव्हीच्या गरजेप्रमाणे पाडलेले गट, २०१० च्या अभ्यासातून आले, त्यात सरडे आणि साप निसर्गात स्वतःहून किती यूव्ही घेतात ते मोजलं होतं, आणि २०१६ मध्ये प्राणिसंग्रहालयवाल्यांनी त्यावरून बऱ्याच प्रजातींची यादी केली. हर्मन्सला ज्या तिसऱ्या झोनमध्ये धरतात त्यात यूव्ही इंडेक्सची दिवसाची सरासरी १.० ते २.६ आणि कमाल २.९ ते ७.४ असते. म्हणजे बास्किंगच्या जागी निदान ३ च्या आसपास हवं आणि बाजूला सावली, मग किती घ्यायचं ते कासव ठरवतं. माझं १.७ बघून मी ट्यूबला शिव्या घातल्या. पण तेव्हा मांजरासाठी टेबलावर बारीक जाळीचं झाकण होतं आणि ट्यूब जाळीच्या वर! जाळी काढली तर त्याच जागी २.९. जाळीने ४० टक्के खाल्लं होतं. आता जाळी बाजूंना उभी केलीय, मांजराला खोलीत बंदी आहे, आणि काच किंवा ॲक्रिलिक तर मध्ये नकोच, त्यातून यूव्हीबी जवळजवळ जातच नाही, खिडकीतल्या उन्हात कासव ठेवून उपयोग नसतो तो ह्याचमुळे.

मग मीटर स्वतःचाच घेतला. महाग आहे, खूप विचार केला, पण दर महिन्याला मोजल्यावर कळलं की ट्यूब नऊ महिन्यांत २.९ वरून २.५ वर आलीय. म्हणजे वर्ष झालं म्हणून डोळे मिटून बदलायची गरज नाही. साखळी दोन कड्या खाली घेतली की परत २.९, पैसे वाचले. मीटर नसेल तर मात्र टी५ वर्षाने बदलाच, कारण डोळ्याला दिसणारा उजेड तसाच राहतो आणि यूव्हीबी कमी होत जातं, नुसतं बघून कळायला मार्गच नाही. आणि हो, मोडलेल्या क्लिपच्या दिवसाची स्थिती मी नंतर मुद्दाम मोजली, १५ सेंटीमीटरवर ९ च्या वर गेला आकडा. रिफ्लेक्टर चांगला आहे ह्याचाच हा पुरावा, पण त्या दिवशी तोच नडला.

हीटमध्ये मला सगळ्यात आनंदाचा धक्का बसला. सिरॅमिक एमिटरवर थर्मोस्टॅट ३२ दाखवायचा आणि मी समाधानी होते. ढब्बू मात्र दिवसभर त्याखालीच बसून राहायचा, मला वाटायचं आळशी आहे, स्वभाव असेल. थर्मोस्टॅटचा प्रोब (तापमान मोजणारं टोक) भिंतीला लावलेला होता, म्हणजे मोजत होते भिंतीजवळची हवा. टेंपरेचर गनने पाठ मोजली तर २६. शिवाय सिरॅमिकची उष्णता लांब तरंगाची, ती कातडीच्या आणि कवचाच्या वरच्या थरातच अडकते आणि कवच कोरडं करते. हॅलोजनमध्ये उन्हासारखा जवळचा इन्फ्रारेड भरपूर असतो, तो आत खोल जातो. ७५ वॅटचे दोन फ्लड शेजारी शेजारी लावले, स्पॉट (अरुंद झोताचे) नाही, कारण स्पॉटखाली पाठीचा मध्य तापतो आणि पाय गारच राहतात. खाली काळ्या दगडाची फरशी, पाठीच्या उंचीवर ३३-३४ डिग्री.

तिसऱ्या दिवशी जे दिसलं ते मी आधी कधीच बघितलं नव्हतं. फरशीवर चढून त्याने चारही पाय मागे-पुढे ताणले, तळवे उलटे टाकले, मान एवढी लांब केली की गळ्याच्या सुरकुत्या सपाट झाल्या. साधारण ४० मिनिटं तसाच पडला आणि मग उठून चालायला लागला, माती उकरली, खाल्लं, दुपारी परत आला. तो आळशी नव्हताच, त्याचं अंगच तापत नव्हतं आणि हे मला सहा महिने कळलं नाही. ट्यूब मी हॅलोजनला चिकटूनच ठेवलीय, कारण यूव्हीबीने कातडीत जे तयार होतं त्याचं डी३ व्हायला ऊब लागते, यूव्ही एका कोपऱ्यात आणि हीट दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली तर दोन्ही अर्धवट.

हॅलोजनला डिमिंग थर्मोस्टॅटच घ्या, बल्ब मंद-प्रखर करणारा. चालू-बंद करणाऱ्या साध्या थर्मोस्टॅटवर माझा पहिला बल्ब तीन आठवड्यांत गेला. सिरॅमिक फक्त रात्रीसाठी पल्स थर्मोस्टॅटवर (वीज थोडी थोडी, तुटक देणारा) ठेवलाय, होल्डर चिनी मातीचा, आणि तोही क्वचितच लागतो कारण रात्री १६-१७ पर्यंत उतरलं तर मोठ्या, निरोगी हर्मन्सला काही होत नाही. लाल बल्ब नको. मर्क्युरी व्हेपर बल्बवाले म्हणतात उष्णता आणि यूव्ही एकातच, पण तो डिम करता येत नाही आणि बंद झाला की गार होईपर्यंत परत लागत नाही, मला नको वाटला.

कवचावरच्या उंचवट्यांसाठी कोणी यूव्ही वाढवा म्हणालं तर जरा थांबा. २००३ मध्ये सुलकाटा (आफ्रिकेतलं मोठं कासव) पिल्लांवर जो अभ्यास झाला त्यात फरक मुख्यतः आर्द्रतेने पडला होता, प्रोटीनने फारच थोडा. दिवे जागा सुकवतात, म्हणून मी लपायच्या जागेतली माती रोज सकाळी ओली करते.

तर ट्यूब संपली की हीच ट्यूब परत घेणार, फिटिंग मात्र ह्यांची नाही. ट्यूबच्या टोकांना ज्या पाणी न जाणाऱ्या टोप्या आहेत त्याही त्याच क्लिपवाल्या प्लास्टिकच्या दिसतात. परवा १ तारखेला मोजताना डावीवर हात फिरवला तर कडेला केसाएवढी चीर लागली, आणि आतली बाजू पिवळी. विक्रेत्याला सहावा मेल टाकलाय, फोटोसकट.