आरएनएलेटर: कोळंबीच्या तळ्यावर वापरून झालेलं मत

खाडीकाठचा निसरडा बांध, डोक्यावर ऊन आणि हातात द्रवरूप नायट्रोजनचा डबा, हे ज्यानं केलंय त्याला या बाटलीचं मोल वेगळं सांगायला नको. कोकणातल्या कोळंबी-तळ्यांवर आरएनएसाठी (पेशीतला पटकन तुटणारा रेणू) नमुने घ्यायचे तर मी आरएनएलेटरच नेते, म्हणजे नमुना लगेच न गोठवताही त्यातला आरएनए टिकवणारं द्रावण. पूर्वी ते अँबियनचं होतं, आता थर्मो फिशरकडून इन्व्हिट्रोजनच्या नावानं येतं. बाटली साध्या तापमानाला राहते, तरी आमच्या एका डीलरनं आइस पॅकचे पैसे लावले होते. बिल नीट वाचा.

आत आहे मुख्यतः अमोनियम सल्फेटचं दाट द्रावण. थोडं सायट्रेट, थोडं ईडीटीए. मीठ पेशींत शिरलं की आरएनए तोडणारी एन्झाइम्स गप्प बसतात. मरत नाहीत हं, म्हणून नमुन्याचा तुकडा बाहेर काढला की थेट ट्रायझॉलमध्ये, म्हणजे आरएनए वेगळा काढायच्या द्रावणात. तळ्यावरच्या एका दादांनी विचारलंच, "मॅडम, लोणचं घालताय काय?" जवळजवळ तेच. फोड मोठी राहिली तर मुरतही नाही! तुकड्याची एक बाजू तरी अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा कमी हवी आणि द्रावण निदान पाचपट. अख्खी कोळंबी बुडवून उपयोग नाही, कवच आड येतं. डोक्याचं कवच सोलून हेपॅटोपँक्रियास (कोळंबीची पचनग्रंथी) अलगद सोडवायचं. ते इतकं मऊ असतं की चिमटा जरा दाबला तरी लगदा होतो. मुरल्यावर मात्र तुकडा पांढुरका, चिवट होतो आणि दळताना हात भरून येतात. दळण्याआधी तुकड्यावरचं द्रावण कागदानं टिपून घ्या, नाहीतर मीठ सोबत येतं.

कंपनी सांगते, 25 अंशांना आठवडा, 37 ला एक दिवस, फ्रिजमध्ये महिना. मे महिन्यात गाडीची डिकी काही 25 अंशांची नसते, त्यामुळे मी एक दिवसच धरते. रात्रभर फ्रिजमध्ये मुरू द्यायचं, मग उणे 20. तिथे द्रावण गोठत नाही, खडे धरतात, घाबरू नका. उणे 80 ला न्यायचं तर द्रावण आधी ओतून टाका.

नुसता डीएनए हवा असेल तर हा खर्च कशाला? कोळंबीच्या व्हाइट स्पॉट रोगाचा विषाणू डीएनएचा, ईएचपी या कोळंबीतल्या सूक्ष्म परजीवीची पीसीआर तपासणीही डीएनएवरच; 95 टक्के अल्कोहोल पुरतं. तरी त्यासाठीही आरएनएलेटर मागवणारे संशोधनाचे गाइड आहेत. मार्चअखेर ग्रँट संपवायची असली की असं होतं. अल्कोहोलचा ताप एवढाच, की नळीवरचं मार्करचं लिखाण पुसतं. पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी आत टाकावी.

लॅबमध्येही हे बनवता येतं: 935 मिली पाणी, 700 ग्रॅम अमोनियम सल्फेट, 1 मोलर सोडियम सायट्रेट 25 मिली, 0.5 मोलर ईडीटीए 40 मिली, आणि सल्फ्युरिक ॲसिडनं पीएच 5.2 वर आणायचा. अमोनियम सल्फेट म्हटल्यावर खताची गोणी आठवेल, पण घ्यायचं ते लॅबच्या दर्जाचंच. विद्यार्थ्यांच्या सरावाला मी हेच देते. प्रकल्पाच्या नमुन्यांना विकतचं, म्हणजे पुढे जेलवर तपासताना आरएनए तुटलेला दिसला तर संशय घ्यायला एक गोष्ट कमी.