बडोद्याच्या मकरपुऱ्यात काँटेसाचं काम करून घेतलं, त्याबद्दल

बाबांची १९८९ ची काँटेसा क्लासिक (हिंदुस्थान मोटर्सची जुनी सेडान), इसुझूचं १.८ लिटर इंजिन, पाच गिअर, रिअर व्हील ड्राइव्ह. लोक हिला देशी मसल कार (मोठ्या इंजिनाची दमदार गाडी) म्हणतात, म्हणू देत, पण अमेरिकेतल्या १९६४ च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओत ६.४ लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन होतं, ३२५ हॉर्सपॉवर, आणि आपली नव्वदच्या आत, म्हणजे रुबाब सगळा तोंडवळ्याचा. हे कळायला मला एक गॅरेज बदलावं लागलं.

पहिल्या गॅरेजवाल्याने (नाव नाही घेत, हट्ट माझाच होता) स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवली, रुंद टायर, सस्पेन्शनच्या सांध्यांत सगळीकडे रबराऐवजी पीयू (कडक पॉलीयुरेथेन) बुश, फ्री-फ्लो म्हणजे मोकळ्या आवाजाचा सायलेन्सर. फोटोत कडक! पण कापलेली स्प्रिंग जास्त ताठ होते आणि वर दबायला जागाच उरत नाही, त्यामुळे रावपुऱ्यात प्रत्येक खड्ड्याला बंप स्टॉपवर (सस्पेन्शन पूर्ण दबलं की आदळतं त्या रबरी ठोकळ्यावर) धाडकन, पॉवर स्टीअरिंग नाही म्हणून दांडिया बाजारात गाडी लावताना खांदे भरून यायचे, आणि ऐंशीच्या स्पीडला आत अशी घूं घूं की शेजारच्याशी बोलता येईना. आई मागे बसली होती, न्यायमंदिरापर्यंत गप्प, मग म्हणाली, "गाडी आहे की खलबत्ता रे?"

मग मित्राने मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका मिस्त्रींकडे पाठवलं. अर्धा तास गाडीखाली, बाहेर आले आणि पहिला प्रश्न, "मागे कोण बसतं?" मूळ उंचीच्या स्प्रिंगा, गॅसचे शॉकअप, टायर एक साइज बारीक. पीयू बुश फक्त अँटीरोल बारला (वळणावर झुकणं कमी करणाऱ्या दांड्याला) ठेवले, विशबोनला (चाक धरणाऱ्या आर्मला) परत रबर, कारण रबर दबतं आणि रस्त्याची थरथर बॉडीत येत नाही. सायलेन्सर तोच, मधे आवाज मऊ करणारा रेझोनेटर टाकला, आवाज आहे पण डोकं उठत नाही. मोठा कार्बोरेटर मागितला तर सरळ नाही म्हणाले, आधी रेडिएटर रिकोअर कर (आतली जाळी बदल) आणि इलेक्ट्रिक फॅन लाव. मला रागच आला, पॉवर मागितली तर हे पंखा विकतायत. पण खरं होतं, सिग्नलला एसी चालू असला की पुढे बसवलेल्या एसीच्या कंडेन्सरची गरम हवा थेट रेडिएटरवर, आणि जुना फॅन इंजिनवरच चालणारा, गाडी उभी असताना आयडलच्या मंद गतीवर तो किती फिरणार. यंदा मे महिन्यात फतेगंजच्या पुलाजवळ पाव तास अडकलो, एसी चालू, तापमानाचा काटा मधोमध.

वळणावर आता थोडी झुकते, तेवढं सोडून दिलं. परवा पावागढला गेलो तर आई हालोलच्या आधीच झोपली.

तक्रारी आहेतच. पंधरा दिवस सांगून सात आठवडे लावले, सीटवर ग्रीसचा पंजा, डाव्या मागच्या दाराची आवाज दाबणारी डॅम्पिंग शीट सुटलीय ती अजून खडखडते, आणि बिल वहीच्या कागदावर. फोन उचलत नाहीत, सकाळी दहाच्या आत जाऊन समोर उभं राहायचं.