डीसी टाँग टेस्टर आठ महिने वापरल्यावर : दोन बॅटऱ्यांच्या गाडीत चार्ज कोण खात होतं

गेल्या दिवाळीच्या आधी डीसी (बॅटरीचा करंट) मोजणारा टाँग टेस्टर, म्हणजे वायरभोवती चिमटा लावून करंट वाचायचा मीटर, घेतला, साडेतीन हजाराच्या आत बसला, आता आठ महिने होतील. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, तुम्ही रेंज बघून घ्या. २ अँपिअरची डीसी रेंज पाहिजे आणि तिच्यात १ मिलिअँपिअरपर्यंत आकडा दिसला पाहिजे. वायरमन लोकांकडे असतो तो साधा टाँग टेस्टर बहुतेक वेळा फक्त एसी (घरातल्या विजेचा करंट) मोजतो, बॅटरीच्या केबलला लावला की शून्यच दाखवणार. आमच्या ओळखीच्या एकाने तसाच आणला आणि आता विहिरीच्या मोटारीला लावत बसलाय.

गाडी म्हणजे जुनी ट्रॅव्हलर मिनीबस, एका टूरवाल्याकडून घेतलेली. मागच्या सीट काढून झोपायला फळ्या, छोटा ओटा, १२ व्होल्टवर चालणारा कंप्रेसरचा फ्रीज आणि १०० अँपिअर-अवरची वेगळी बॅटरी टाकली. पुढची बॅटरी सेल्फसाठी, मागची फ्रीज-लाइट-पंख्यासाठी, आणि दोघींच्या मधे व्होल्टेज बघून जोडणारा-सोडणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच. इंजिन चालू झालं, पुढचं व्होल्टेज १३.३ च्या वर गेलं की रिले जोडतो, अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारा) मागचीलाही चार्ज करतो, आणि इंजिन बंद करून १२.८ च्या खाली आलं की सोडतो. म्हणजे मागे रात्रभर काही का चालेना, सकाळी पुढची भरलेली, सेल्फ मारायचा नि निघायचं. असं गाडी तयार करून देणाऱ्याने सांगितलेलं आणि तत्त्व म्हणून ते खरंच आहे.

प्रत्यक्षात काय व्हायचं तर शुक्रवारी रात्री कुंभार्ली घाटातून गुहागरला जायचं ठरवलं, सामान भरलं, पोरं आत बसली आणि चावी फिरवली की टक टक टक. एरवी दहा-दहा दिवस गाडी शेडमध्ये उभी असली तरी मंगळवारी भाजीला न्यायला एका झटक्यात चालू, आणि फिरायला निघायचं म्हटलं की मेलेली. आई म्हणाली नजर लागते, निघताना लिंबू-मिरची बांध. मी हसलो, पण आता मागे बघताना वाटतं की निदान कुठल्या दिवशी होतं हे तिने बरोबर पकडलं होतं, आम्ही बाकीचे फक्त बॅटरीला शिव्या देत होतो. वॉरंटीत एक बॅटरी बदलून झाली, दुसऱ्या वेळी दुकानात लोड टेस्टर लावून 'बॅटरी ओके आहे साहेब, गाडीतच काहीतरी खातंय' म्हणून परत पाठवलं. गॅरेजवाल्याने अर्धा तास फ्यूज काढून बघितले, काही सापडलं नाही, पाचशे घेतले.

आमचे अण्णा एसटीत इलेक्ट्रिशियन होते, सातारा डिव्हिजनला नोकरी झाली. त्यांची पद्धत म्हणजे निगेटिव्हची केबल काढायची आणि मधे बल्बचा टेस्ट लॅम्प लावायचा, बल्ब पेटला तर कुठेतरी लीकेज आहे. जुन्या गाड्यांना एक नंबर. पण आताच्या गाडीत केबल काढून परत जोडली की इसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) वगैरे सगळे जागे होतात, बल्ब पेटतो आणि मग नुसतं बघत बसा, आणि शे-पन्नास मिलिअँपिअरला बल्बाची तार लालसुद्धा होत नाही. नंतर मी माझा साधा मल्टिमीटर सिरीजमधे लावला, १० अँपिअरच्या भोकात वायर टाकून, आणि सगळं छान चाललेलं असताना भाच्याने 'मामा बघू चालू होते का' म्हणत चावी फिरवली. मीटरचा फ्यूज उडाला. त्या रात्रीच हा टाँग टेस्टर मागवला.

ह्याचा खरा फायदा हाच की काहीच काढायचं नाही, केबलभोवती चिमटा लावायचा आणि वाचायचं. पण बॉनेट उघडून लगेच वाचू नका. दाराचं आणि बॉनेटचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने दाबून बंद करून ठेवा म्हणजे गाडीला सगळं बंद वाटतं, चावी घरात नेऊन ठेवा आणि अर्धा तास चहा प्या. माझ्याकडे लावल्या लावल्या १.८६ अँपिअर होता, मग ०.९, आणि पंचवीसेक मिनिटांनी एकदम पडून ०.०७५ ला थांबला. साधारण ०.०५ च्या आत असलं की लोक नॉर्मल धरतात. म्हणजे थोडंसं जास्त.

मग टर्मिनलवरून निघणाऱ्या एकेका वायरला चिमटा लावत गेलो. एक बारीक लाल वायर डॅशबोर्डच्या मागे गेलेली, तिच्यात ४० मिलिअँपिअरच्या आसपास. एवढा छोटा करंट नीट बघायचा असेल तर वायर लांब असली की चिमट्यातून तिचे पाच वेढे घ्या आणि आकड्याला पाचने भागा, मी तसंच केलं, ०.२१० आलं म्हणजे ४२ मिलिअँपिअर. ओढत ओढत गेलो तर टूरवाल्याच्या काळातला जीपीएस ट्रॅकर! त्याचं सिम कधीच बंद पडलेलं पण डबी बिचारी दिवसरात्र टॉवर आणि सॅटेलाइट शोधत बसलेली. काढून टाकला, रीडिंग ०.०३३. मी खूश, घरात जाऊन जाहीर केलं चोर सापडला.

अण्णांनी पेपरातून मान वर न करता विचारलं, 'दिवसाला किती होतात रे?' हिशोब केला तर ट्रॅकरचा धरून ७५ मिलिअँपिअर गुणिले २४, दिवसाला १.८ अँपिअर-अवर. पुढची बॅटरी ८० ची. तीन आठवडे उभी राहिली तरी निम्मीसुद्धा उतरत नाही आणि आमची तर दोन-तीन दिवसांत मरायची. म्हणजे जो सापडला तो भुरटा, दरोडेखोर वेगळाच. हे मी मुद्दाम सविस्तर लिहितोय कारण बरेच जण इथेच थांबतात, काहीतरी सापडलं की तेच कारण धरून मोकळे होतात, आकडा आणि दिवस जुळतायत का ते बघत नाहीत.

पुढच्या गुरुवारी रात्री परत लावला. शुक्रवारी निघायचं होतं. आता हे वाचणाऱ्या हुशार माणसाच्या लक्षात आलं असेल, आमच्या नव्हतं. ०.०३३ दिसतंय, मी टॉर्च धरून उभा, अण्णा स्टुलावर, आणि अचानक आकडा उडी मारून २.१ झाला. मी म्हटलं मीटर बिघडला. हलवून बघितला, २.१ च. अण्णा म्हणाले, 'गप. ऐक.' मागून बारीक घरघर येत होती. 'फ्रीज लागलाय.' दहा-बारा मिनिटांनी घरघर थांबली आणि आकडा परत खाली आला. आम्ही वाट बघत तिथेच बसलो, परत घरघर, परत २.१. फिरायला जायच्या आधी बुधवारपासूनच फ्रीज गार करायला लावायची बायकोची पद्धत होती, आणि चूक काहीच नव्हती त्यात, फ्रीज मागच्या बॅटरीवर आहे ना, पुढचीशी त्याचा संबंधच काय! पण कंप्रेसर चारेक अँपिअर घेत होता आणि त्यातले निम्मे पुढून जात होते. गॅरेजमधे गाडी जायची तेव्हा फ्रीज रिकामा आणि बंद असायचा, मग तिथे काय डोंबल सापडणार.

रिलेवरचा लाल दिवा विझलेला होता, म्हणजे रिलेच्या मते त्याने सोडलेलं आहे. हा दिवा फक्त आतल्या कॉइलला करंट आहे का ते सांगतो, आतले कॉन्टॅक्ट खरंच सुटलेत का ते सांगत नाही. दोन्ही बॅटऱ्यांचं व्होल्टेज बघितलं, पुढे १२.३१, मागे १२.३१. वेगळ्या वयाच्या, वेगळ्या साइजच्या दोन बॅटऱ्या, एकीवर फ्रीज आणि एकीवर नाही, आणि दशांशाच्या दुसऱ्या आकड्यापर्यंत सारख्या? खरं तर हा टाँग टेस्टर नसता तरी साध्या मल्टिमीटरवर एवढ्यावरूनच कळलं असतं की दोघी जोडलेल्याच आहेत. दोन्ही केबल सोडवून रिलेच्या दोन नटांवर मल्टिमीटरची कंटिन्युइटी लावली (आतून जोडलेलं असेल तर वाजते) तर बीऽऽप. फोडून बघितला, कॉन्टॅक्ट एकमेकांना चिकटून काळे पडलेले. आदल्या मे महिन्यात एकदा पुढची मेली तेव्हा रिले जबरदस्तीने जोडणारं इमर्जन्सी बटण दाबून मागच्या बॅटरीवर सेल्फ मारला होता, डिझेल गाडीचा सेल्फ काही शेकडो अँपिअर ओढतो, १४० अँपिअर लिहिलेल्या त्या स्वस्त रिलेमधून ते सगळं गेलं, माझ्या मते तिथेच चिकटला.

नवा रिले टाकला, इमर्जन्सीची वायर काढून टाकली (जंपर केबल ठेवतो आता गाडीत). दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज रात्रभर चालवून पुढे १२.६४, मागे १२.२१. असे वेगवेगळे आकडे बघून एवढा आनंद कधी झाला नव्हता. त्यानंतर एकदा बारा दिवस उभी होती, एका झटक्यात लागली.

आता मीटरच्या तक्रारी. झिरोचं बटण दर वेळी दाबावंच लागतं, आणि चिमटा ज्या दिशेला धरणार त्याच दिशेला धरून दाबायचं. झिरो करून मग मीटर फिरवला की नुसत्या हवेतच वीस-तीस मिलिअँपिअर दाखवतो. पहिले पंधरा दिवस मी असेच भुताचे करंट शोधत होतो. दुसरं, पंधरा मिनिटांनी आपोआप बंद होतो आणि आपल्याला तर अर्धा तास गाडी झोपायची वाट बघायची असते, आणि बंद होऊन चालू केला की झिरो परत. बंद न होऊ देण्याची युक्ती माहितीपत्रकात होती, चालू करताना एक बटण दाबून ठेवायचं, पण ती अक्षरं वाचायला भिंग लागेल. तिसरं, चिमट्याचं तोंड लहान, निगेटिव्हला दोन जाड केबल असतील तर एकत्र मावत नाहीत, वेगवेगळ्या मोजून बेरीज करावी लागते, आणि एक विसरलात तर सगळा हिशोब चुकला. सेल्फचा करंट ह्याने मोजायचा विचारही करू नका, १०० अँपिअरला संपतो.

करंट कुठल्या दिशेने चाललाय ते वजाच्या खुणेवरून कळतं, दोन बॅटऱ्यांच्या गाडीत हे फार कामाचं. चिमट्यावरचा बाण आणि बॅटरी कुठे आहे ते एकदा चिकटपट्टीवर लिहून ठेवा, नाहीतर दर वेळी डोकं खाजवाल.

मधे मेहुण्याच्या ट्रकलाही लावला. ती २४ व्होल्टची, म्हणजे दोन १२ च्या बॅटऱ्या सिरीजमधे, आणि त्याची दर वेळी एकच बॅटरी जायची. गाण्यांच्या टेपसाठी कुणीतरी मधल्या जोडावरून १२ व्होल्टची वायर काढलेली. म्हणजे टेप खाणार एकीतलं आणि अल्टरनेटर भरणार दोघींना सारखंच, मग एक कायम उपाशी आणि दुसरीला अजीर्ण. चिमटा लावला तर ट्रक बंद असतानाही त्या वायरीत १८० मिलिअँपिअर. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर, चावीवरून चालू होणारा, बसवून घे म्हणून सांगितलंय, अजून बसवला नाहीये त्याने.

आमच्याकडे अजून एक राहिलंय. मागच्या बॅटरीवर सगळं बंद असताना १०० मिलिअँपिअर दिसतात. सोलरचा कंट्रोलर आणि फ्रीजचा डिस्प्ले धरून साठ-सत्तर हिशोबात बसतात, उरलेले तीस-चाळीस कुठे जातात ते कळत नाही. अण्णांचा संशय यूएसबी चार्जरच्या निळ्या दिव्यावर आहे. पावसाने उघडीप दिली की ओट्याखालची फळी काढून बघणार आहोत.