फोल्ड घ्यावा की साधा फोन आणि टॅब? रोजची ॲप कुठे जास्त उपयोगी पडतात

बजेट साधारण ठरलेलं असतं, आणि त्यात एकतर पुस्तकासारखा उघडणारा फोल्ड येतो, नाहीतर चांगला साधा फोन आणि सोबत 11 इंची टॅब येतो, वर थोडे पैसे उरतात सुद्धा. मी दोन्ही वापरलंय, आधी बरीच वर्षं फोन-टॅबची जोडी होती, आता फोल्ड आहे. कॅमेरा, प्रोसेसर, चार्जिंग हे सगळं सोडून देतो, त्यावर ढीगभर व्हिडिओ आहेत. मला एवढंच बोलायचंय की मोठ्या स्क्रीनसाठी पैसे मोजल्यावर आपली रोजची ॲप त्या स्क्रीनवर खरंच कामाला येतात का. घडी करून छोटा होणारा फ्लिप यात धरलेला नाही, तो उघडल्यावर साधा फोनच असतो.

माझं काम थोडं सांगतो म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. डोंबिवलीतल्या काही सोसायट्यांचे हिशेब मी लिहितो. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, आणि महिनाअखेरीला बँकेचं स्टेटमेंट आणि आपलं रजिस्टर जुळवणं, कोणाचे पैसे आले, कोणाचे राहिले. म्हणजे एका बाजूला पीडीएफ उघडी पाहिजे आणि दुसऱ्या बाजूला शीट. ज्यांना मोठी स्क्रीन मुख्यतः सिनेमे बघायला हवीय त्यांचा हिशेब वेगळा निघेल.

आणि त्यांच्यापासूनच सुरू करतो, कारण तिथे टॅब सरळ पुढे आहे. फोल्डची आतली स्क्रीन जवळजवळ चौकोनी असते, त्यामुळे व्हिडिओ लावला की वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, आणि 8 इंची स्क्रीन असूनही चित्र मोठ्या साध्या फोनपेक्षा थोडंच मोठं दिसतं. 11 इंची टॅबच्या ते जवळपासही जात नाही. पेनने लिहायचं असेल तरी टॅबच घ्या. सॅमसंगच्या फोल्डमध्ये 3 पासून 6 पर्यंत पेन चालायचं, फोल्ड 7 मध्ये तेही काढून टाकलं. पूर्ण ए-फोर पान न झूम करता वाचायचं, मुलांना अभ्यासाला द्यायचं, यातही टॅब बरा. शिवाय किंमत, फोल्ड 7 भारतात आला तेव्हा 1,74,999 रुपयांपासून सुरू होता, एवढ्यात फोन आणि टॅब दोन्ही येऊन वर पैसे राहतात. आणि जोडीतलं एक पडलं-फुटलं तर दुसरं हातात राहतं, हा मुद्दा पण हलका नाही.

एवढं सगळं टॅबच्या बाजूने असताना मी फोल्डकडे का वळलो, तर एकाच त्रासामुळे. काम दोन डिव्हाइसमध्ये वाटलं जायचं.

म्हणजे कसं, बघा. सोसायटीच्या खजिनदार काकांकडे बसलोय, टॅबवर शीट उघडी आहे. एका मेंबरने पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर पाठवला, तो फोनवर आला. त्याचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, शीटमध्ये टाकायचाय, मग फोनवर बघून टॅबवर टाइप करा, बारा आकडी नंबर, मध्येच फोनची स्क्रीन बंद होते. स्टेटमेंट डाउनलोड करायला नेट बँकिंगमध्ये टॅबवरून लॉगिन केलं की ओटीपी फोनवर. स्टेटमेंट उतरलं टॅबवर, पण ते काकांना पाठवायचंय फोनवरून, कारण त्यांच्याशी बोलणं फोनवर चालू आहे. मग ती फाइल स्वतःलाच पाठवा. पावती केली टॅबवर, सही केलेली कॉपी फोनच्या कॅमेऱ्याने काढलेली. "पाठव ना रे लगेच" असं काका म्हणायचे आणि मी आधी ती फाइल कुठे आहे ते शोधायचो. प्रत्येक वेळी अर्धं-एक मिनिट जातं, फार नाही, पण दिवसभर हेच चालू राहिलं की कामाची लयच लागत नाही, आणि समोर माणूस बसलेला असला की जास्त जाणवतं.

यावर उपाय आहेत, नाही असं नाही. व्हॉट्सॲप टॅबवर लिंक करता येतं, क्विक शेअरने, म्हणजे अँड्रॉइडच्या जवळच्या डिव्हाइसला फाइल पाठवायच्या सोयीने, फाइल पटकन जाते, दोन्ही एकाच कंपनीचे घेतले तर मेसेज टॅबवर दिसतात. मी हे सगळं वापरायचो आणि त्याने त्रास कमी झाला हे मान्य. पण यूपीआयचं काय करणार? यूपीआय ॲप सुरू करताना त्याच डिव्हाइसमधल्या सिमवरून एसएमएस जातो आणि त्या सिमला आणि त्या डिव्हाइसला ते ॲप बांधलं जातं, म्हणजे बिनसिमच्या टॅबवर तो विषयच संपला, आणि सिमवाला टॅब घेतला तरी बँकेत नोंदवलेला नंबर आपण फोनमध्येच ठेवणार. बऱ्याच बँकांच्या ॲपचंही तसंच आहे. आपल्याकडे पैशाशी संबंधित सगळं सिमभोवती फिरतं, आणि सिम जिथे आहे तिथेच मोठी स्क्रीन असली तर कामं सरळ होतात. माझ्यासाठी फोल्डचा सगळ्यात मोठा फायदा हाच, घडी आणि बिजागरी नंतर.

अजून एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. मायक्रोसॉफ्टचं एक्सेल, वर्ड 10.1 इंचापर्यंतच्या स्क्रीनवर फुकटात एडिट करता येतं, त्याच्यापुढच्या स्क्रीनला एडिटिंगसाठी 365 चं सबस्क्रिप्शन लागतं. 11 इंची टॅब बरोबर त्या रेषेच्या पलीकडे जातो, 8 इंची फोल्ड अलीकडे राहतो. ऑफिसकडून सबस्क्रिप्शन मिळत असेल किंवा गुगल शीट्सवर काम होत असेल तर फरक पडत नाही, पण सोसायट्यांच्या जुन्या फाइल्स बहुतेक एक्सेलमध्येच असतात.

आता फोल्डवर ॲप कशी चालतात ते. मोठ्या स्क्रीनचं अँड्रॉइड खऱ्या अर्थाने 2022 मधल्या 12एल व्हर्जनपासून सुधारलं, खाली टास्कबार, म्हणजे ॲपच्या चिन्हांची पट्टी आली, तिथून ॲप ओढून बाजूला लावता यायला लागलं. आणि अँड्रॉइड 16 पासून गुगलने नियम कडक केलाय, त्या व्हर्जनसाठी बनवलेलं ॲप मोठ्या स्क्रीनवर "मी उभंच राहणार" म्हणून अडून बसू शकत नाही, गेम सोडून, आणि डेव्हलपरना सध्या थोडी सवलत आहे ती वेगळी. जुनी ॲप अजून मध्ये पट्टीसारखी उघडतात, दोन्ही बाजूला काळं. त्यांना सेटिंगमध्ये जाऊन ॲस्पेक्ट रेशो, म्हणजे लांबी-रुंदीचं प्रमाण, फुल स्क्रीन करून बघायचा, बरीचशी नीट पसरतात, काहींचं एखादं बटण खाली कापलं जातं, मग त्यांना परत होतं तसं करायचं. हे एकेका ॲपसाठी करावं लागतं, पण एकदाच.

खरी मजा दोन ॲप शेजारी लावण्यात आहे. डावीकडे स्टेटमेंट, उजवीकडे शीट. मधल्या रेषेवरच्या ठिपक्यांवर टॅप करून ही जोडी सेव्ह करता येते, मग एका टॅपमध्ये दोन्ही आपापल्या जागी उघडतात. माझ्या टास्कबारवर अशा जोड्या आहेत, स्टेटमेंट-शीट, व्हॉट्सॲप-गॅलरी, जीमेल-ड्राइव्ह. व्हॉट्सॲपमधला यूटीआर नंबर कॉपी करून बाजूच्या शीटमध्ये पेस्ट, दोन सेकंदांचं काम, आणि ज्यांनी तो नंबर फोनवरून वाचून टॅबवर टाइप केलाय त्यांनाच यातलं सुख कळेल.

पण इथे एक खोच आहे, आणि ती आधी माहीत असलेली बरी. टाइप करायला गेलं की कीबोर्ड वर येतो आणि खालची जवळजवळ अर्धी जागा खातो, शीटच्या मोजक्याच ओळी दिसतात आणि जी नोंद बघून टाइप करायचं ती नेमकी झाकली जाते. यावर तरंगता कीबोर्ड लावायचा, गुगलच्या जीबोर्डमध्ये आहे, सॅमसंगच्या कीबोर्डमध्ये पण आहे, छोटा करून कोपऱ्यात सरकवून ठेवायचा. आकडे टाकायला तेवढा पुरतो. मराठीत लांब मजकूर लिहायचा असेल तर मात्र शेजारची विंडो बंद करून पूर्ण कीबोर्ड घेतलेला बरा. टॅबला वेगळा कीबोर्ड जोडून लिहिणाऱ्यांना हे फोल्डवर अडचणीचं वाटेल, आणि त्यांचं चूक नाही.

तीन ॲप लावता येतात, सॅमसंगमध्येही आणि वनप्लसच्या ओपन या फोल्डमध्येही. ओपनची पद्धत जरा वेगळी आहे, ॲप दाबून बारीक न करता ते स्क्रीनच्या बाहेर सरकून राहतं आणि टॅप केलं की आत येतं. मला ती कल्पना आवडते, कारण 8 इंचात तीन तुकडे केले की कुठलंच धड वाचता येत नाही. दोन ॲप आणि गरज पडली तर कॅलक्युलेटर पॉप-अपमध्ये, याच्यापुढे मी सहसा जात नाही.

फोल्डवरचा जो प्रकार अजूनही खटकतो तो घडी करतानाचा. काही ॲप बाहेरच्या स्क्रीनवरून आतल्या स्क्रीनवर जाताना परत पहिल्यापासून सुरू होतात. स्क्रीनचा आकार बदलला की अँड्रॉइड ते पान नव्याने बांधतं, आणि ॲप बनवणाऱ्याने आधी भरलेली माहिती जपून ठेवायची सोय केली नसेल तर भरलेलं सगळं जातं. एका बँकेच्या ॲपमध्ये बेनिफिशियरीची अख्खी माहिती भरून झाली, खाली नीट वाचायला म्हणून फोन उघडला, आणि थेट लॉगिनचं पान आलं. तेव्हापासून पैशाचं ॲप ज्या स्क्रीनवर उघडलं तिथेच संपवतो. बाकी ॲपसाठी फोन बंद केल्यावर बाहेरच्या स्क्रीनवर ते चालू ठेवायचं की नाही याचं सेटिंग असतं, मी नकाशा आणि व्हॉट्सॲपला चालू ठेवलंय, बाकीच्यांना बंद, नाहीतर खिशात टाकताना काहीतरी दाबलं जातं.

धुळीचं पण सांगायला हवं. फोल्ड 6 आणि 7 ला आयपी 48 हे धूळ-पाण्यापासून संरक्षणाचं रेटिंग आहे, त्यातला 8 पाण्याचा आणि 4 धुळीचा, आणि 4 म्हणजे एक मिलिमीटरपेक्षा मोठ्या कणांपासूनच संरक्षण. गुगलच्या पिक्सेल 10 प्रो फोल्डला आयपी 68 आहे, या बाबतीत तो पुढे. तुमचं काम साइटवर, शेतात, किंवा कोकणात किनाऱ्यालगत असेल तर याचा नीट विचार करा, अशांना साधा फोन खिशात आणि टॅब बॅगेत हे मला तरी जास्त सुरक्षित वाटतं.

वजनाची भीती मात्र आता राहिली नाही. फोल्ड 7 चं वजन 215 ग्रॅम, म्हणजे सॅमसंगच्याच एस 25 अल्ट्रा या साध्या फोनपेक्षा तीन ग्रॅम कमीच. 11 इंची टॅब अर्धा किलोच्या आसपास जातो, वर कव्हर, आणि मुख्य म्हणजे तो बॅगेतून काढावा लागतो. लोकलमध्ये उभ्याने टॅब कोण काढतं? फोल्ड निघतो, निदान कल्याण लोकलमध्ये दाराच्या आत जरा जागा मिळाली तर. टॅब माझ्याकडे होता तेव्हा बॅगेतच जास्त राहिला, आणि जी स्क्रीन बाहेर निघत नाही तिच्यावर ॲप कितीही सुंदर चालली तरी उपयोग काय.

तेव्हा घरी बसून बघायचं-वाचायचं-लिहायचं असेल, घरात टॅब इतरांनाही लागत असेल, तर जोडी घ्या, पैसे वाचतील आणि पस्तावणार नाही. पण तुमचं काम फिरतीचं, ओटीपी, यूपीआय, व्हॉट्सॲप आणि शीट यांच्यात अडकलेलं असेल, तर माझा कल फोल्डकडेच आहे. पैसे जास्त वाटत असले तर मागच्या वर्षीचं मॉडेल बघा, ॲपच्या बाबतीत फार फरक जाणवू नये.

दुकानात गेलात तर डेमो फोनवर व्हिडिओ बघण्यात वेळ घालवू नका. क्रोम आणि कीप नोट्स शेजारी लावा, नोट्समध्ये टाइप करायला घ्या, आणि कीबोर्ड वर आल्यावर तुम्हाला वाचायचं ते दिसतंय का ते बघा. मग तरंगता कीबोर्ड लावून परत एकदा बघा. सेल्समनला नाही जमलं तर जीबोर्डच्या वरच्या पट्टीत चार चौकोनांचं चिन्ह असतं, त्यात ‘फ्लोटिंग’ आहे.