थाई शिकून थायलंडमध्ये राहायचं, तर कुठल्या दाराने शिरावं?

तीन-चार सुट्ट्या बँकॉकमध्ये काढलेल्या माणसाला एक दिवस वाटतं, आता इथेच राहू. मग दोन प्रश्न पडतात: व्हिसा कुठला घ्यायचा आणि भाषा कशी शिकायची? पहिल्याचं उत्तर चुकलं की दुसऱ्याचंही बिघडतं.

सगळ्यात सरळ वाटणारं दार म्हणजे एज्युकेशन व्हिसा. भाषाशाळेत नाव घालायचं, वर्गाला बसायचं, ठरावीक काळाने इमिग्रेशनमध्ये जाऊन मुदत वाढवून घ्यायची. तिथला अधिकारी दोन प्रश्न थाईत टाकू शकतो, म्हणून अभ्यास टाळता येत नाही. या व्हिसावर नोकरी करता येत नाही, आणि हजेरी नसेल तर मुदतवाढ अडकते. वर्षभराचा खर्च गाठीशी असेल आणि खरंच शिकायचं असेल, तर हेच घ्यावं.

दुसरं दार जुलै २०२४ मध्ये उघडलं: डेस्टिनेशन थायलंड व्हिसा. वय किमान २०, खात्यात ५ लाख बाथ, परदेशातल्या कंपनीचं लॅपटॉपवरचं काम. व्हिसा ५ वर्षांचा, एका प्रवेशात १८० दिवस. पुण्यातल्या आयटीवाल्यांना हा फार आवडतो. मुक्काम करून बघायला उत्तम, पण भाषेसाठी घातक. दिवसभर इंग्रजी मीटिंगा, संध्याकाळी ॲपवरून जेवण. दोन वर्षांनी थाई म्हणून पदरात 'सवत्दी ख्रप' आणि 'मै फेत', म्हणजे 'नमस्कार' आणि 'तिखट नको', एवढंच.

कायमचं राहायचं असेल, तर यातलं एकही दार पुढे नेत नाही. कायम वास्तव्याच्या परवान्याची नेहमीची वाट नोकरीच्या व्हिसातून आणि वर्क परमिटमधून जाते: सलग ३ वर्षांच्या मुदतवाढी, कराचे कागद, आणि थाईतून मुलाखत. त्यातही एका देशाच्या वर्षाला फक्त १०० जणांना जागा. पन्नाशी ओलांडलेल्यांना ८ लाख बाथ बँकेत ठेवून वर्षावर्षाने राहता येतं. भाषा न येताही त्यांचं निभतं, पण दवाखान्यात आणि घरमालकापुढे दरवेळी दुभाषी शोधावा लागतो.

आता शिकायचं कसं? रोमन लिपीतून बोलायला शिकणं की आधी थाई लिपी? बहुतेक परदेशी रोमन धरतात. मराठी माणसाने ती चूक करू नये. आपल्याला क-ख, त-थ जन्मापासून वेगळे ऐकू येतात. रोमन मात्र 'थाई'च्या 'टीएच'ने आणि 'फुकेत'च्या 'पीएच'ने इंग्रजांना भरकटवते. वर थाई लिपी ब्राह्मीच्याच घराण्यातली, ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या, लिपीमार्गे आलेली. व्यंजनं ४४, त्यांतली दोन वापरातून गेलेली, आणि क्रम बराचसा आपल्याच वर्णमालेचा.

खरी गंमत पुढे आहे. थाईत पाच सूर आहेत, सूर बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, आणि अक्षर 'मध्यम', 'उच्च' की 'नीच' गटातलं यावर सूर ठरतो. हे गट नवखे विद्यार्थी महिनोन्‌महिने घोकतात. आपण वर्गाची ओळ म्हणावी: पहिलं अक्षर (क, च, त, प) मध्यम, दुसरं (ख, छ, थ, फ) उच्च, तिसरं, चौथं आणि अनुनासिक नीच. य-र-ल-व नीच, श-ष-स-ह उच्च. थाईंनी स्वतः घातलेली थोडी जादा अक्षरं सोडली, तर हिशेब जुळतो. 'ग'च्या जागचं अक्षर आज 'ख'सारखं उच्चारतात, पण जुना गट सोडत नाही: उच्च 'खा' म्हणजे पाय, नीच 'खा' म्हणजे अडकून राहणं.

शब्दांतही ओळखीचे चेहरे भेटतात. गुरू झाला 'ख्रू', भाषा झाली 'फासा', देवता झाली 'थेवदा'. सायकल म्हणजे 'चक्रयान', आणि टेलिफोन 'थोरसप', म्हणजे दूर-शब्द! पण यावर फार खूश होऊ नका. बाजारातली, स्वयंपाकघरातली थाई या संस्कृतातून आलेली नाही, आणि सूर चुकला तर 'क्लाय' म्हणजे जवळ की लांब, हे रिक्षावाल्याला कळत नाही. ह्रस्व-दीर्घाकडे शाळेत केलेलं दुर्लक्षही इथे भोवतं: आखूड 'खाव' म्हणजे आत जा, लांबवलेला 'खाव' म्हणजे भात.

शहरांचं थोडक्यात: च्यांगमाय स्वस्त आणि निवांत, पण तिथले लोक आपसात खम म्यूअंग ही उत्तरेकडची भाषा बोलतात. वर्गात 'अरॉय' शिकाल, बाजारात चविष्टला 'लम' ऐकाल. शिवाय फेब्रुवारी ते एप्रिल शेतं आणि जंगलं जाळल्याचा धूर. दमा असेल तर हे शहर नकोच. बँकॉक महाग आणि इंग्रजीने भरलेलं, पण प्रमाण थाई कानावर पडते आणि वर्क परमिट देणाऱ्या नोकऱ्या बहुतेक तिथेच.

माझा कौल असा: वर्षभराची सुट्टी मिळत असेल तर बँकॉकमध्ये एज्युकेशन व्हिसा, पहिला महिना फक्त लिपी. नोकरी सुटत नसेल तर डेस्टिनेशन व्हिसावर सहा महिने राहून बघा, पण शिकवणी पहिल्याच आठवड्यात लावा. घर घेण्याची घाई नको: जमीन परदेशी माणसाच्या नावावर सहसा होत नाही, फ्लॅट होतो, तोही सगळे परदेशी मिळून इमारतीतल्या ४९ टक्के क्षेत्रफळाच्या मर्यादेत. आणि नागरिकत्वापर्यंत पोहोचलातच, तर थाई पासपोर्ट हाती येईल तेव्हा भारतीय परत करावा लागेल. तेवढं घरच्यांशी आधीच बोलून ठेवा.