फ्रंट लोड वॉशिंग मशीन वरच्या मजल्यावर नेलं, सात-आठ महिने वापरून झाल्यावर

मागच्या आठवड्यात परत पाण्याचा एरर आला, सर्व्हिसवाला नळाला हात लावून व्हिजिट चार्ज घेऊन गेला, म्हणून लिहितेय. जळगावला आमचं खाली-वर घर. मशीन आधी खाली मोरीजवळ, ओल्या कपड्यांची बादली घेऊन गच्चीपर्यंत चढायचं, सासूबाईंचे गुडघे नको म्हणतात आणि आता माझेही. वर गाद्यांचं खोल कपाट होतं ते रिकामं केलं, मागेच बाथरूम असल्याने भिंतीतून नळ आणि सांडपाणी दोन्हीची सोय झाली.

सगळे विचारतात स्लॅब हादरतो का. नाही हो, लेव्हल नीट केली की झालं. फक्त नेताना मागचे ट्रान्झिट बोल्ट लावा, नाहीतर ड्रम आत आपटतो.

खरा ताप पाण्याच्या प्रेशरचा. टाकी दहा मीटर उंच असली की साधारण एक बार (प्रेशरचं माप) मिळतो, आमच्या मशीनच्या पुस्तकात कमीत कमी 0.3 बार लिहिलंय, म्हणजे पाणी मशीनच्या तीन मीटर तरी वर हवं. टाकी गच्चीवर, मशीन तिच्या लगेच खाली, टाकी भरलेली असली तर जेमतेम, खाली गेली की बोंबला. खालच्या मजल्यावर एका मजल्याचं प्रेशर फुकट मिळत होतं हे ना दुकानदार सांगतो ना प्लंबर. प्लंबर म्हणे प्रेशर पंप बसवा. म्हणजे मशीनला पाणी पाजायला दुसरं मशीन, त्याचं बिल वेगळं! मी साफ नाही म्हटलं.

खरं तर इथेच "नेऊच नका" लिहून संपवणार होते, पण या रविवारी दिरांनी इनलेट पाईप काढला तर व्हॉल्व्हच्या तोंडची बारीक जाळी बोअरच्या क्षाराने पांढरीफटक. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवली, निघाली. त्या सर्व्हिसवाल्याने ती उघडून पण पाहिली नव्हती. मग गिझरच्या लाईनवरून काढलेलं कनेक्शन बंद करून टाकीपासून वेगळी लाईन घेतली, पंपापेक्षा स्वस्तात. आता टाकी अर्ध्याच्या वर असली की गपगुमान भरतं.

बाकी सुख आहे. मे महिन्यात कपडे तासाभरात कडक, बिबडे-कुरडयांच्या दिवसांत गच्चीत दोरीखाली पाय ठेवायला जागा नसते तो भाग वेगळा. कपाटाचं आणि मशीनचं, दोन्ही दारं मात्र धुणं झाल्यावर उघडीच ठेवा, नाहीतर मशीनच्या दाराच्या रबराला कुबट वास येतो.

सेमी-ऑटोमॅटिक मशीन असेल तर बिनधास्त न्या. जिन्याच्या खोलीवर टाकी असेल तर फ्रंट लोडही न्या. आमच्यासारखी असेल तर आधी टाकी अर्धी असताना वरच्या नळाची धार बघा. पंप मी अजून घेतलेला नाही, आधी मोटर लावते, मग मशीन.